महाविद्यालयातील अभ्यासक्रमांची माहिती एआयएसएचईमध्ये कशी भरावी: सोलापूर जिल्ह्यातील नोडल अधिकाऱ्यांसाठी

उच्च शिक्षणाचे अखिल भारतीय सर्वेक्षण, म्हणजे एआयएसएचई, २०१०-११ पासून दरवर्षी होते. त्याची माहिती भरण्यासाठी किंवा तपासण्यासाठी संस्थेने नेमलेली व्यक्ती म्हणजे नोडल अधिकारी. विद्यापीठांसाठी डीसीएफ-१, महाविद्यालयांसाठी डीसीएफ-२ आणि फक्त पदविका अभ्यासक्रम चालवणाऱ्या स्वतंत्र संस्थांसाठी डीसीएफ-३ असे नमुने आहेत. २०२०-२१ च्या फेरीपासून हे नमुने थेट संकेतस्थळावर भरायचे असतात. पीडीएफ उतरवून भरण्याची जुनी पद्धत बंद झाली. महाविद्यालयाला मिळालेला ‘सी’ने सुरू होणारा क्रमांक नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) अर्जात लागतो, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरही लागतो.

चूक उघडी पडते ती विद्यार्थिसंख्येत. विद्यापीठातून फोन येतो, बेरीज जुळत नाही म्हणून. पण मूळ शोधत गेले की ते बहुतेक वेळा अभ्यासक्रमांच्या यादीत निघते, कारण प्रवेशसंख्या आणि निकाल हे दोन्ही तक्ते त्या यादीतल्या ओळींनाच जोडलेले असतात. ओळ चुकली की तिच्या पोटातले सगळे आकडे चुकतात. म्हणून पोर्टल उघडण्याआधी दोन-तीन दिवस फक्त या यादीला द्या.

आधी कागद जमवा

टेबलावर हे असू द्या: विद्यापीठाचे चालू वर्षाचे संलग्नता पत्र, नवीन अभ्यासक्रम किंवा जादा तुकडीला शासनाने दिलेली मान्यता, नियामक संस्थेचे त्या वर्षाचे मान्यतापत्र, प्रवेश नोंदवही, विद्यापीठाने मंजूर केलेली पात्रता यादी, मागच्या वर्षीच्या अंतिम वर्षाच्या निकालाचे लेजर आणि कर्मचाऱ्यांचे वेतनपत्रक. माहितीपुस्तिका मात्र बाजूला ठेवा. तिच्यात सुरू व्हायचे राहून गेलेले अभ्यासक्रमही छापलेले असतात आणि बंद झालेल्यांची नावे वर्षानुवर्षे तशीच राहतात.

स्थापनेचे वर्ष महाविद्यालयाचे लिहा, शिक्षण संस्थेचे नको. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी सुरू झाले. त्याआधी जिल्ह्यातली महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाकडे होती. त्यामुळे जुनी संलग्नता पत्रे कोल्हापूरच्या नावाने असतील, ती जपून ठेवा. फॉर्ममध्ये संलग्न विद्यापीठ म्हणून २०१९ नंतरचे नाव, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, हेच आले पाहिजे.

केगावच्या या सोलापूर विद्यापीठाशी जिल्ह्यातले प्रत्येक महाविद्यालय संलग्न नाही, हेही लक्षात घ्या. नर्सिंग आणि इतर आरोग्य विज्ञान महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत, तर अभियांत्रिकीची काही महाविद्यालये लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे. फॉर्म तपासून मंजूर करण्याचा अधिकार ज्या त्या विद्यापीठाच्या नोडल अधिकाऱ्याचा. संलग्नता बदलली असेल तर ती नोंद दुरुस्त झाल्याशिवाय पुढचे काहीही भरू नका.

अभ्यासक्रमांची मुख्य यादी

एक्सेलमध्ये एका ओळीत एक अभ्यासक्रम घ्या. रकाने असे: पदवीचे पूर्ण नाव, विषय किंवा विशेष शाखा, स्तर (पदवी, पदव्युत्तर, पीएचडी, पदविका, प्रमाणपत्र), कालावधी, परीक्षा पद्धत, अनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित, मंजूर प्रवेशक्षमता, नियामक संस्था, सुरू झाल्याचे वर्ष आणि शेवटी ज्या पत्रावरून ही ओळ आली त्याचा जावक क्रमांक व तारीख. शेवटचा रकाना पोर्टल मागत नाही. तरी तो ठेवा. पुढे कोणी ‘हा आकडा कुठून आणला?’ असे विचारले तर फायली उपसत बसावे लागत नाही.

आता जिथे हमखास अडते त्या जागा.

बी.एस्सी. आणि बी.एस्सी. ईसीएस एकत्र करू नका. एन्टायर कॉम्प्युटर सायन्स हा स्वतःची प्रवेशक्षमता असलेला स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, साध्या बी.एस्सी.मध्ये संगणकशास्त्र हा विषय घेतलेल्या मुलांची ती ओळ नव्हे. उलट, बी.ए.च्या मराठी, इतिहास, अर्थशास्त्र अशा विषयवार ओळी पाडून प्रत्येकीत विद्यार्थी मोजले, तर तोच विद्यार्थी तीनदा मोजला जातो. एक विद्यार्थी वर्षभरात एकाच ओळीत दिसला पाहिजे. विषयवार ओळी पाडायच्याच असतील तर ज्या वर्षी विशेष विषय ठरतो तिथपासून पाडा आणि विद्यार्थ्याला फक्त त्याच्या विशेष विषयात मोजा.

एकाच बी.कॉम.ची एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असेल तर दोन ओळी लागतात, कारण प्रकार वेगळा आहे. प्रवेशक्षमताही तुकडीनुसार विभागा. ही क्षमता पहिल्या वर्षाची लिहायची असते. १२० च्या दोन तुकड्या असतील तर २४०. तिन्ही वर्षांचे मिळून ७२० नाही. विद्यापीठाने वाढीव जागा दिल्या असतील तर त्याचे पत्र हाती असेल तरच त्या धरा.

नियामक संस्थेचा रकाना रिकामा सोडण्याची सवय जुनी आहे, पण आता ती चालत नाही. बी.सी.ए., बी.बी.ए. आणि बी.एम.एस. हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, मान्यतेखाली आले. कला-वाणिज्य महाविद्यालयांना तोवर या परिषदेशी संबंध नव्हता, म्हणून तिथे मागच्या वर्षीची ओळ तशीच पुढे ओढली जाते. बी.एड.साठी एनसीटीई (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषद), विधीसाठी बार कौन्सिल, औषधनिर्माणशास्त्रासाठी फार्मसी कौन्सिल.

नव्या शैक्षणिक धोरणाची रचना संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ मध्ये पहिल्या वर्षापासून लागू झाली. संक्रमणाच्या वर्षांत खालच्या वर्गाला नवी आणि वरच्या वर्गाला जुनी रचना असते. कालावधी तीन वर्षे लिहायचा की चार, हे स्वतःच्या अंदाजाने ठरवू नका. विद्यापीठाच्या नोडल अधिकाऱ्याला ई-मेलने विचारा आणि आलेले उत्तर फाइलला लावा. तोंडी सांगितलेले पुढच्या वर्षी कोणाला आठवत नाही.

प्रवेश थांबलेला अभ्यासक्रम वरच्या वर्गात विद्यार्थी असेपर्यंत यादीत राहील. पहिल्या वर्षाला शून्य. मान्यता आहे पण एकही प्रवेश झाला नाही, तरी ओळ ठेवा आणि शून्य भरा.

आणि एक मोठी गोष्ट: अकरावी-बारावी यात येत नाही. कनिष्ठ महाविद्यालय त्याच इमारतीत, त्याच प्राचार्यांच्या हाताखाली असले, तरी त्याचे विद्यार्थी आणि शिक्षक यू-डायस प्लसमध्ये (शाळांच्या माहितीच्या प्रणालीत) जातात. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रातले विद्यार्थीही तुमच्या नियमित संख्येत मिसळू नका.

यादी पुरी झाली की ती महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) महाविद्यालयाच्या नावापुढे दिसणाऱ्या अभ्यासक्रमांशी ओळीने ताडून पाहा. तिथे एक नाव आणि इथे दुसरे असले, तर शिष्यवृत्तीच्या आकड्यांची पडताळणी करताना दोन्हींचा मेळ बसत नाही. अडचण शेवटी त्या मुलांनाच सोसावी लागते.

विद्यार्थिसंख्या: प्रवर्गाचा गुंता

सूचनापुस्तिकेत दिलेल्या संदर्भ तारखेला पटावर असलेले विद्यार्थीच मोजा. प्रवेश रद्द केलेले वजा. एटीकेटी घेऊन वरच्या वर्गात प्रवेश घेतलेला विद्यार्थी वरच्या वर्गात. फक्त परीक्षेला बसणारा माजी विद्यार्थी कुठेच नाही.

एक्सेलमध्ये एका ओळीत एक विद्यार्थी घ्या: पीआरएन (विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक), अभ्यासक्रम, वर्ष, लिंग, प्रवर्ग, धर्म, दिव्यांग असल्यास तशी नोंद. पीआरएनचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या. एक्सेल संख्येतले पंधराच अंक नीट धरते. त्यापुढचे अंक शून्य होतात आणि दुबार नावे शोधताना घोळ होतो. मग पिव्होट टेबल (एक्सेलमधला गटवार मोजणी करून देणारा तक्ता) लावले की हाताने मोजण्याचे काम उरत नाही.

पोर्टलच्या तक्त्यात खुला, ईडब्ल्यूएस, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि ओबीसी असे गट आहेत. आपल्या नोंदवहीत मात्र व्हीजे (विमुक्त जाती), एनटी-बी, एनटी-सी, एनटी-डी (भटक्या जमाती), एसबीसीही (विशेष मागास प्रवर्ग) असतात आणि सोलापुरात ही संख्या छोटी नाही: धनगर समाजाचे विद्यार्थी एनटी-सीमध्ये, पद्मशाली समाजाचे एसबीसीमध्ये. यांना ‘खुला’मध्ये ढकलले तर तिथला आकडा फुगतो आणि जिल्ह्याचे चित्रच बदलते. ही संख्या सर्वसाधारणपणे ओबीसीच्या गटात धरली जाते. एसईबीसीचे (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाचे) काय करायचे, ते विद्यापीठाकडून लेखी घ्या आणि सगळ्या अभ्यासक्रमांना एकच नियम लावा.

प्रवर्ग म्हणजे विद्यार्थ्याचा सामाजिक प्रवर्ग. तो कोणत्या जागेवर आला हे इथे बघायचे नाही. दिव्यांग, मुस्लिम आणि इतर अल्पसंख्याक या ओळी ‘एकूणपैकी’ आहेत, जादा नाहीत. एक उदाहरण घेऊ. बी.कॉम. पहिल्या वर्षाला एक बौद्ध विद्यार्थिनी आहे, तिच्याकडे अनुसूचित जातीचा दाखला आहे आणि प्रवेश गुणवत्तेवर खुल्या जागेतून झाला आहे. एकूणच्या ओळीत अनुसूचित जातीच्या रकान्यात ती एक. त्याच रकान्याच्या ‘मुली’मध्येही एक. शिवाय ‘इतर अल्पसंख्याक’च्या ओळीत, अनुसूचित जातीच्याच रकान्यात, पुन्हा एकूण एक आणि मुली एक. बहुतेक फॉर्ममध्ये ही शेवटची नोंद राहून जाते. बौद्ध विद्यार्थी अल्पसंख्याकांत दिसतच नाहीत. तसेच मोमीन समाजाचा ओबीसी दाखला असलेला विद्यार्थी मुस्लिमच्या ओळीत ओबीसीच्या रकान्यात येतो. लिंगायत विद्यार्थी अल्पसंख्याकांत धरू नका, जैन धरा.

‘एकूण’मध्ये मुली आधीच धरलेल्या असतात. तिथे फक्त मुलांचा आकडा टाकला, तर ‘मुली एकूणपेक्षा जास्त’ अशी त्रुटी येते. पण वर्गात मुले जास्त असतील तर त्रुटी येतच नाही आणि चुकीचा आकडा गुपचूप मंजूर होतो. ही तपासणी स्वतःच करावी लागते.

निकाल आणि शिक्षक

निकाल फक्त अंतिम वर्षाचा, तोही आधीच्या शैक्षणिक वर्षाचा. सत्र पद्धतीत उत्तीर्ण म्हणजे पदवी पूर्ण झालेला. सहावे सत्र सुटले पण चौथ्यातला विषय राहिला, तर तो उत्तीर्णांत नाही. प्रथम श्रेणी ६० टक्के आणि त्यापुढे.

शिक्षकांची माहिती व्यक्तीनिहाय भरायची असते. निवृत्त किंवा बदलून गेलेल्यांना आधी कमी करा, नाहीतर ते नवीन ठिकाणी जोडले जात नाहीत. तासिका तत्त्वावरील शिक्षकांचा नेमणुकीचा प्रकार नीट निवडा.

पाठवण्याआधी आणि नंतर

मागच्या वर्षीचे जे आधीच भरलेले दिसेल, त्यातली प्रत्येक ओळ मुख्य यादीशी पडताळा. मग मसुदा छापून घ्या आणि तीन बेरजा करा: सर्व अभ्यासक्रमांची पहिल्या वर्षाची संख्या पात्रता यादीशी, एकूण संख्या पटाशी, अंतिम वर्षाचा निकाल लेजरशी. दुसऱ्या वर्षाची संख्या मागच्या पहिल्या वर्षापेक्षा जास्त निघाली तर थेट प्रवेशाचे कारण शोधा. प्राचार्यांची सही मसुद्यावर घ्या, त्यानंतरच अंतिम बटण दाबा. शेवटच्या आठवड्यात सर्व्हर मंदावतो; तालुक्याच्या ठिकाणी वीज गेली तर अख्खा दिवस जातो.

अंतिम सादरीकरणानंतर चूक दिसली तर फॉर्म परत उघडून देण्याची विनंती विद्यापीठाच्या नोडल अधिकाऱ्याकडे करा, अभ्यासक्रम आणि रकाना नेमका लिहून. मंजुरीनंतर मिळणारे प्रमाणपत्र, भरलेला फॉर्म, मुख्य यादी आणि विद्यार्थ्यांची एक्सेल एकाच फोल्डरमध्ये, वर्षाच्या नावाने, महाविद्यालयाच्या संगणकावर ठेवा. नोडल अधिकारी निवृत्त होणार असतील, तर त्यांच्या निरोप समारंभाआधी नव्या अधिकाऱ्याची नोंदणी आणि मोबाइल क्रमांक बदलून घ्या. ओटीपी जुन्याच क्रमांकावर जात राहतो.