मोठे रंगीत प्रिंट काढताना या चुका टाळा: फिल्टरला हात लावायची घाई नको

१६ बाय २० इंचाच्या प्रिंटवर रंगाची झाक दिसली की हात आधी एन्लार्जरच्या (डार्करूममध्ये निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) रंगीत फिल्टरकडे जातो. नागपूरच्या उन्हाळ्यात आधी थर्मामीटर बघा, मग व्होल्टेज.

आरए-४ या रंगीत कागदाच्या प्रक्रियेतल्या डेव्हलपरला (प्रतिमा उमटवणारं रसायन) ३५ अंश सेल्सिअस आणि ४५ सेकंद लागतात. अर्ध्या अंशाचा फरकही रंगात उतरतो. माहितीपत्रकं पाणी तापवायला शिकवतात, आपली अडचण नेमकी उलटी. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणीच ३५ च्या वर गेलेलं असतं. थर्मोस्टॅट हीटर बंद करेल, पाणी गार करणार नाही. आदल्या रात्री पाणी आत भरून ठेवा, बाथमध्ये (रसायनं ज्या पाण्यात ठेवतो त्यात) बर्फाच्या बंद बाटल्या सोडा आणि तापमान डेव्हलपरमध्येच मोजा. तरी जमेना तर सरळ पहाटे काम करा.

व्होल्टेज पडलं की दिव्याचा उजेड लालसर होतो आणि प्रिंट फिकट, सायनकडे (निळसर-हिरव्याकडे) झुकलेला येतो. एन्लार्जरला स्वतंत्र स्टॅबिलायझर द्या. कूलर त्याच लाइनवर नको, आणि एन्लार्जरच्या भिंतीला लागूनही नको, कारण पंख्याची थरथर मोठ्या प्रिंटवर धूसर कडा होऊन दिसते.

८ बाय १० चा प्रिंट एफ ११ ला (लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा लहान तितका उजेड जास्त) १० सेकंदांत निघत असेल, तर १६ बाय २० ला साधारण चौपट उजेड लागतो. ४० सेकंद दिले तर कागदाचा रंग सरकू शकतो, शिवाय निगेटिव्ह तापून मधोमध फुगते आणि फोकस जातो. एफ ५.६ ला कोपरे मऊ पडतात. म्हणून एफ ८, २० सेकंद, काचेचा कॅरिअर (निगेटिव्ह दोन काचांमध्ये सपाट धरणारा) आणि त्याच मापावर नवी टेस्ट स्ट्रिप (कागदाच्या पट्टीवरची चाचणी). काचेच्या चारही पृष्ठांवरची धूळ मात्र पुसावीच लागेल.

गुलाबी डाग, पट्टे? बहुधा ड्रमच्या (प्रिंट धुवायचं बंद नळकांडं) झाकणात ब्लिक्स (डेव्हलपरनंतरचं ब्लीच-फिक्स रसायन) राहिलं. डेव्हलपरमध्ये त्याचे थेंबही चालत नाहीत. डेव्हलपर आणि ब्लिक्स यांच्या मधल्या टप्प्यात दोन टक्के ॲसिटिक ॲसिडचा स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण) घ्या, प्रत्येक प्रिंटनंतर ड्रम धुऊन कोरडा करा.

फ्रिजमधला कागद खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पाकीट उघडू नका. कूलरच्या दमट हवेत त्यावर लगेच दव धरतं.

आता फिल्टर. ओला प्रिंट निळसर दिसतो, म्हणून वाळवूनच बघा. मॅजेंटा (गुलाबी-जांभळी) झाक असेल तर मॅजेंटा वाढवा, पिवळी असेल तर पिवळा. सायन झाकेला पिवळा आणि मॅजेंटा दोन्ही सारखे कमी करा. सायन फिल्टर शून्यावरच राहू द्या.