कळलावीचं नाव पक्कं कसं करायचं

पावसाळ्यात रानाच्या कडेला, कुंपणावर आगीच्या ज्वाळेसारखं लाल-पिवळं फूल दिसलं की फोटो काढून लगेच नाव शोधायला जाऊ नका, आधी पान बघा. पानाचं टोक लांब होत जाऊन स्प्रिंगसारखं वळलेलं असतं आणि त्यानेच हा वेल शेजारच्या झुडपाला धरून वर चढतो, ही खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते. मग फूल: सहा पाकळ्या मागे वळलेल्या, कडा नागमोडी, खालून हिरवट-पिवळं आणि दिवस जातील तसं पूर्ण लाल.

आता नाव. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि सांगतील ते तसंच लिहून घ्या, कळलावी, खड्यानाग, वाघनखी, अग्निशिखा असं काहीही येईल. कळलावी का, तर बाळंतपणाच्या कळा आणायला कंद वापरायचे म्हणून. कोणी बचनाग म्हणालं तर मात्र थांबा, कारण ते नाव हिमालयातल्या अकोनिटम या वेगळ्याच विषारी झाडालाही आहे, घोळ इथेच होतो.

म्हणून सोबत शास्त्रीय नाव हवंच: ग्लोरिओसा सुपर्बा. स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दिलेलं. रोमन लिपीत लिहिताना पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, दुसरा शब्द सगळा स्मॉल, दोन्ही तिरप्या टायपात.

आणि प्लीज, ओळख पटवायला कंद उकरू नका, त्यात कोल्चिसिन हे विष असतं, पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो.