नव्वदीच्या स्पोर्ट्स कारची पारख: या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

वाळूज, शेंद्र्याच्या एमआयडीसीत पेंट शॉपला काम केलेली पोरं विचारतात, संभाजीनगरात बसून परदेशातल्या जुन्या स्पोर्ट्स कारचं काम कसं मिळतं? मी तेच करतो. तिकडच्या खरेदीदारासाठी फोटो, सर्व्हिसची बिलं आणि लिलावाचे कागद तपासून गाडी घेण्याजोगी आहे का, ते लिहून देतो. पत्र्याची नजर असेल तर अर्धं काम तुम्हाला आजच येतं.

टोयोटा सुप्रा, माझदा आरएक्स-७, निसान स्कायलाइन जीटी-आर, फेरारी ५५० मारानेलो, या सगळ्या नव्वदीतल्या गाड्या, इंजिन पुढच्या बाजूला असलेल्या. तेव्हा ज्यांनी भिंतीवर त्यांची पोस्टरं लावली, त्यांच्या हातात आता पैसा आहे. शिवाय २५ वर्षं झालेल्या गाडीला अमेरिकेत आयातीच्या वेळी तिथल्या सुरक्षा मानकांतून सूट मिळते. १९९९ ची स्कायलाइन आर३४ म्हणूनच २०२४ पासून तिकडे जाऊ लागली. भाव मात्र ठरतो गाडीच्या मूळपणावर. सुप्रा तर लोकांनी इतक्या मॉडिफाय केल्या, की कंपनीतून निघाली तशी सहा गिअरची टर्बो दिसली की मी हातातलं काम बाजूला ठेवतो.

जपानी लिलावाचा कागद मात्र नीट शिकाच. त्यावर गाडीचा नकाशा असतो: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीची खूण, एस म्हणजे गंज, डबल एक्स म्हणजे बदललेला पार्ट. अक्षरापुढचा आकडा जेवढा मोठा तेवढं नुकसान जास्त. गाडीला दिलेल्या एकूण श्रेणीच्या जागी आर असेल तर गाडी ठोकून दुरुस्त केलेली. डाव्या फेंडरवर डबल एक्स आणि त्याच बाजूच्या दारावर डब्ल्यू२ दिसलं, की मी बोनेटखालचा जवळून काढलेला फोटो मागवतो. कंपनीचे स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके, गोल आणि ओळीत असतात. हाताने मारलेले लगेच ओळखू येतात.

रंगाची जाडी मोजणाऱ्या गेजचे आकडेही मागवा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. तीनशेच्या वर गेला तर खाली पुट्टी आहे असंच धरून चाला. सुप्रा आणि आरएक्स-७ चं बोनेट ॲल्युमिनियमचं असतं, तिथे फक्त लोखंडावर चालणारा गेज काही सांगत नाही. दोन्ही धातूंवर चालणाराच घ्या.

सराव आपल्याकडेच होतो. जालना, परभणी, लातूरच्या गॅरेजमध्ये एखादी जुनी एस्टीम, कॉन्टेसा आली की मालकाला विचारून दाराची रबरं काढून बघा, डिकीतल्या स्टेपनीखाली हात घाला. गंज तिथेच लपतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भारतात तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आयात करता येत नाही, आणि व्हिंटेजची सवलत पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना आहे. नव्वदीची गाडी दोन्हींत बसत नाही. ‘सुप्रा आणून देतो’ म्हणणाऱ्याला इसार देऊ नका. आणि फी खरेदीदाराकडून आधीच ठरवून घ्या, सौदा होवो न होवो. विकणाऱ्याच्या कमिशनला हात लावू नका.