राणीछाप रुपयाची पारख
राणी व्हिक्टोरियाचा रुपया घेताना आधी तो तोलावा. मूळ वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा, आणि चांदी 91.7 टक्के असल्याने सुमारे 10.7 ग्रॅम शुद्ध चांदीचा त्या दिवशीचा भाव हा किमतीचा पाया धरावा. झिजलेल्या नाण्यात थोडी घट चालते, पण नक्षी ठळक असूनही वजन कमी भरले तर संशय घ्यावा. भिंगातून राणीचा गाल आणि मुकुटाखालचे केस पाहावेत, कारण झीज तिथे लवकर दिसते. कडेवर कडी जोडल्याचा डाग किंवा घासून आणलेली चकाकी असल्यास चांदीच्या भावापेक्षा फारसे अधिक देऊ नये. काळवंडलेले पण न घासलेले नाणे केव्हाही सरस. 1862 हे साल पुढेही कित्येक वर्षे नाण्यांवर तसेच छापले जात असल्याने केवळ त्या सालासाठी जादा पैसे मोजू नयेत.