सायकलवरून विदर्भातली प्राचीन बौद्ध स्थळं: पवनी आणि विजासन

अजिंठ्यासारखी रंगवलेली लेणी डोळ्यांपुढे ठेवून इकडे येऊ नका. विदर्भातला प्राचीन बौद्ध वारसा बराचसा विटांचा आहे आणि त्यावर माती चढून त्याच्या टेकड्या झाल्या आहेत. गाडीतून जाणाऱ्याला टेकडी दिसते, स्तूप दिसत नाही. सायकलवर माणूस थांबतो, विचारतो, गावातलं कुणीतरी सोबत येऊन दाखवतं. म्हणून सायकलच घ्या.

हंगाम दिवाळीनंतरचा, जानेवारी संपेपर्यंत. पावसाळ्यात काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये इतकी गच्च बसते की सायकल ढकलताही येत नाही, काडीने खरवडत बसावं लागतं.

निघण्याआधी नागपूरच्या अजबबंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात अर्धा दिवस घालवा. जुनी शिल्पं आणि शिलालेख जवळून पाहिले की पुढे टेकडीवर नजर आपोआप शोधू लागते.

सायकल साधी चालेल, ब्रेक आणि टायर मात्र चांगले हवेत. बॅग पाठीवर नको, कॅरिअरला ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधा. पंप, दोन ट्यूब, पॅच, सोल्युशन आणि पाना जवळ असू द्या, कारण मुख्य सडक सोडली की बाभळीचे काटे आलेच. पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट हळू फिरवा. काट्याचं टोक आत राहिलं असेल तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते.

नागपूर ते पवनी उमरेड, भिवापूरमार्गे साधारण ८० किलोमीटर आहे. सवय नसेल तर उमरेडला मुक्काम करा. उमरेडच्या पुढे जवळच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे आणि तिथे वाघ आहेत. उजाडल्यावर निघा, दिवस मावळायच्या आत गावात पोचा, जंगलातल्या आडवाटा टाळा.

पवनी वैनगंगेच्या काठी आहे. तिथे पोचल्यावर जगन्नाथ टेकडी विचारा. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथे उत्खनन केलं आणि सांचीच्या मोठ्या स्तूपाहूनही व्यासाने मोठा स्तूप उजेडात आला. स्तूपाभोवतीच्या कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली सापडली. पवनीचं हे महत्त्व मला फार मोठं वाटतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपलं नाव घालून दिलेलं हे दान आहे, आणि ते अजून वाचता येतं.

टेकडीभोवती आधी एक पूर्ण फेरी मारा. कडा ढासळलेल्या जागी थांबून विटा पाहा. जुनी वीट आजच्या विटेहून बरीच लांब आणि चपटी असते. सकाळच्या तिरप्या उन्हात विटांचे थर स्पष्ट दिसतात. वीट किंवा खापराचा तुकडा खिशात टाकू नका, विटांवर चढू नका, आणि बाजूच्या वावरात शिरायचं तर मालकाला विचारून.

मुक्कामासाठी गावातलं बुद्ध विहार विचारा. विदर्भात गावोगावी विहार आहे. आत शिरण्याआधी ‘जय भीम’ म्हणा, आपण कोण, कशासाठी आलो ते सांगा, ओळखपत्र दाखवा. सोय झाली तर सकाळच्या वंदनेला बसा आणि निघताना जागा झाडून द्या. सोय नसेल तर लॉज शोधा, गळ घालू नका.

विजासनची लेणी भद्रावतीत आहेत. पवनीहून तिकडे सायकलने जाण्यात वाटेत जंगल फार लागतं, म्हणून नागपूरला परतून रेल्वेने भद्रावतीचं भांदक स्टेशन गाठा. सायकल ब्रेकव्हॅनमधून न्यायची असेल तर आधी पार्सल ऑफिसात चौकशी करा, कारण सगळ्या गाड्या भांदकला थांबत नाहीत. मुख्य लेण्यात एक लांब बोळ सरळ डोंगरात जातो आणि त्याच्या टोकाला बसलेली बुद्धमूर्ती आहे. दोन्ही बाजूंना फुटलेल्या बोळांतही तसंच. टॉर्च न्या, पण आत गेल्यावर लगेच लावू नका. डोळे अंधाराला सरावू द्या, मूर्ती हळूहळू दिसू लागते. ही पूजेची जागा आहे, चपला बाहेर काढा.

वेळ उरला तर नागपूरहून मनसर करा, अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास. तिथल्या विटांच्या भव्य बांधकामाला काही अभ्यासक बौद्ध आचार्य नागार्जुनाशी जोडलेलं बौद्ध स्थळ मानतात, काही वाकाटक या प्राचीन राजघराण्याचं मंदिर. दोन्ही बाजू वाचून जा, म्हणजे तिथे काय तपासून पाहायचं ते कळेल. जबलपूर महामार्गावर ट्रक फार असतात, तेव्हा भल्या सकाळीच निघा.