झिपची पुन्हा झिप

माझ्या पहिल्या विज्ञानकथेत अख्ख्या शहराच्या आठवणी एका अंगठीत मावल्या होत्या. कशा? तर 'नव्या कॉम्प्रेशनमुळे', म्हणजे माहिती दाबून लहान करण्याच्या तंत्रामुळे. एवढ्यावर मी भागवलं होतं. कथा वाचून एका इंजिनियर मैत्रिणीनं एकच विचारलं, "झिप केलेली फाइल परत झिप करून बघितलीस कधी?" बघितली. फाइल लहान व्हायच्या ऐवजी थोडी फुगलीच.

मग कागद घेऊन हिशोब मांडला. बिट म्हणजे एक शून्य किंवा एक; अशा दहा बिटांचे संदेश होतात १०२४. दहापेक्षा कमी बिटांचे, अगदी रिकामा संदेश धरूनही, १०२३. म्हणजे सगळ्यांना लहान करून जसंच्या तसं परत उलगडायचं म्हटलं, तर एकाला तरी जागा मिळतच नाही. माझी खरी कथा त्या उरलेल्याची होती आणि मी पानंच्या पानं अंगठीचं वर्णन करत बसले होते!

कॉम्प्रेशन जगतं पुनरुक्तीवर. ती संपली की दाबायला काही उरत नाही. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४८ साली ही मर्यादा गणितात मांडली. तुमच्या शास्त्रज्ञाला ती ओलांडायची असेल तर खुशाल ओलांडू द्या, पण थाप एकच मारा आणि तिची किंमत कुणाला तरी मोजायला लावा. एकावर एक थापा वाचक खपवून घेत नाही.

मला जास्त आवडते ती सामायिक कोशाची युक्ती. कुठल्याही दोन माणसांचा जीनोम, म्हणजे डीएनएतला सगळा मजकूर, साधारण ९९.९ टक्के सारखा असतो. एका नमुना जीनोमची प्रत पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे, दोघांकडे असली की फक्त फरक पाठवले तरी चालतं. आता कथेत ती प्रत हरवा. हाती आलेला संदेश निव्वळ खरखर वाटेल, कारण उत्तम दाबलेला डेटा तसाच दिसतो.

टंचाईतलं नाट्य पाहायचं तर गुरूकडे पाठवलेलं नासाचं गॅलिलिओ यान बघा. त्याची मोठी अँटेना १९९१ मध्ये नीट उघडलीच नाही. सेकंदाला १,३४,००० बिट पृथ्वीवर पाठवायचा बेत होता, हाती उरले फार तर १६०. मग पृथ्वीवरून नवं सॉफ्टवेअर यानावर चढवलं आणि गुरूची चित्रं दाबून दाबून मागवली. काय ठेवायचं, काय सोडायचं, हे कुणाला तरी ठरवावं लागलंच असेल ना?

माझ्या नव्या खर्ड्यात अंगठीत आईचा आवाज आहे. बोलताना मध्येच येणारा तिचा खोकला मात्र अल्गोरिदमनं गोंगाट समजून टाकून दिलाय, आणि मुलगी नेमका तोच शोधतेय. यंत्राची माहिती दोन ओळींत आटोपली.