मुलांच्या मदतीने बिनअंड्याचा चॉकलेट केक

लहान मूल मदतीला असताना केक बिघडतो तो बहुतेक वेळा खोळंब्यामुळे. मैदा चाळता चाळता मुलाला तहान लागते, चमचा खाली पडतो, तो धुवायला जावं लागतं. अंड्याच्या फेसावर फुगणाऱ्या केकला असं ताटकळणं सोसत नाही. म्हणून सुरुवात तेल, पाणी, सोडा आणि व्हिनेगर घालून होणाऱ्या केकने करावी. यात कोरडा आणि ओला भाग वेगवेगळा तयार होतो, आणि दोन्ही एकत्र येईपर्यंत अर्धा तास गेला तरी काही बिघडत नाही. एकत्र आल्यावर मात्र पाच मिनिटांत डबा गरम भांड्यात गेलाच पाहिजे. मुलाची कामं सगळी आधीच्या निवांत वेळात बसवायची, नंतरची घाई मोठ्यांनी करायची.

साहित्य (७ इंची गोल, निदान २ इंच उंच डब्यासाठी, १ कप म्हणजे २४० मिली)

मैदा दीड कप (१९० ग्रॅम)
कोको पावडर पाव कप (२५ ग्रॅम)
साखर १७५ ग्रॅम (पाऊण कप आणि वर २ मोठे चमचे)
खाण्याचा सोडा १ छोटा चमचा (५ मिली, सपाट)
मीठ पाव छोटा चमचा
कोमट पाणी १ कप
वास नसलेलं तेल ८० मिली (एक तृतीयांश कप)
पांढरं व्हिनेगर १ मोठा चमचा (१५ मिली)
व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा

कपांचा आणि चमच्यांचा स्वस्तातला संच घेऊन ठेवा. आमटीच्या वाटीने मैदा मोजला तर एक वेळ चालेल, कारण पाणी आणि साखरही त्याच वाटीने मोजता येतील. पण घरातले चहाचे चमचे सारखे नसतात आणि सोडा अर्धा चमचा जरी जास्त पडला तरी केकला साबणासारखी चव येते. मैदाही कप पिठात खुपसून भरू नका. पीठ दाबलं जातं आणि कपात १२५ ग्रॅमऐवजी दीडशेपर्यंत मैदा जातो. चमच्याने सैल भरून वरून सुरीच्या पाठीने सपाट करायचा. सुरीऐवजी पट्टी दिली की हे काम पाच वर्षांचं मूलही नीट करतं.

कोको पावडर म्हणजे बिनसाखरेची, चवीला कडू. ड्रिंकिंग चॉकलेटमध्ये साखर जास्त आणि कोको कमी असतो. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरींचंही तेच. त्या वापरल्या तर केक फिकट आणि गोडमिट्ट होतो. व्हिनेगर नसेल तर तेवढाच लिंबाचा रस चालतो. अर्धा मैदा काढून त्याजागी कणीक घेतली तर पाणी दोन-तीन चमचे वाढवा. केक थोडा जड होतो, पण खाल्ला जातो.

आधी भांडं ठरवा

ओटीजी (ओट्यावरचा विजेचा छोटा ओव्हन) असेल तर १८० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवून मधल्या खणात केक ठेवायचा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्येही तेच तापमान, फक्त मोड कन्व्हेक्शनचाच आहे हे दोनदा बघून घ्या.

दोन्ही नसलं तरी जाड बुडाचं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा कढई पुरते. तळाशी दीड-दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर स्टँड ठेवा, घट्ट झाकण लावा आणि मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या. मीठ उष्णता सावकाश आणि सगळीकडे सारखी पोचवतं. गार झाल्यावर बरणीत भरून ठेवलं की पुढच्या केकलाही तेच वापरता येतं, स्वयंपाकात मात्र नाही. नॉनस्टिक भांडं असं रिकामं तापवू नये, त्याचा थर खराब होतो. पातळ स्टीलच्या पातेल्यात केकचा तळ करपतो. कुकरच वापरायचा तर जुना घ्या आणि शिट्टी व रिंग दोन्ही काढून ठेवा. तोंड अरुंद असेल तर डबा आत जातो का हे थंड असतानाच बघा. भोवती बोटभर जागा राहायला हवी. चॉकलेट केक अशा भांड्यात व्हॅनिला केकपेक्षा बरा होतो, कारण वरून सोनेरी रंग येण्याची वाट बघायचीच नसते.

मुलाची कामं

डबा बटर पेपरवर ठेवून पेन्सिलने भोवती रेघ मारायची आणि बोथट कात्रीने गोल कापायचा. डब्याला आतून तेलाचा हात फिरवायचा, तळाशी कागद बसवायचा. हे सगळ्यात लहानाचं काम.

नंतर साखर. आपल्याकडची साखर जाड दाण्याची असते आणि तशीच मिश्रणात गेली तर नीट विरघळत नाही, केक वरून चिकट होतो. त्यामुळे एका पातेल्यात कोमट पाणी आणि साखर देऊन मुलाला ढवळत बसवा. दाणे दिसेनासे झाले की त्यात तेल आणि इसेन्स घालायचा. हा झाला ओला भाग.

मोठ्या परातीत चाळणी ठेवून मैदा, कोको, सोडा आणि मीठ दोनदा चाळायचं. कोकोच्या गुठळ्या चमच्याच्या पाठीने चाळणीवर दाबून फोडायच्या. सोड्याची एखादी गाठ तशीच राहिली तर त्या घासाला कडू डाग लागतो, म्हणून दोनदा. ओट्यावर चाळण्यापेक्षा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलेलं बरं. कोको उडतोच.

व्हिनेगर वाटीत मोजून बाजूला ठेवा. मूल विचारणारच की हे कशाला. दुसऱ्या वाटीत चिमूटभर सोडा घेऊन त्यावर दोन थेंब व्हिनेगर टाकून दाखवा. फसफसून येतो तो कार्बन डायऑक्साइड. तोच वायू मिश्रणात अडकून केक फुगवतो आणि तो थांबून राहत नाही, म्हणून पुढची घाई. हे एकदा डोळ्यांनी बघितलेलं मूल शेवटच्या पाच मिनिटांत कमी रेंगाळतं.

पाच मिनिटांची घाई

आता ओव्हन किंवा पातेलं तापलंय याची खात्री करा. कोरडं मिश्रण खोल भांड्यात घ्या, मध्ये खळगा करा, ओला भाग ओता आणि व्हिस्कने ढवळा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा, साधारण तीस-चाळीस वेढे पुरतात. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. मुलांना फेटत राहायला आवडतं, पण मैदा पाण्यात जितका जास्त घुसळावा तितका त्याला चिवटपणा येतो आणि केक रबरासारखा होतो. मिश्रण भज्यांच्या पिठापेक्षा पातळच असतं, घाबरून मैदा वाढवू नका.

व्हिनेगर ओतण्याचा मान मुलाचा. ओतलं की फिकट रेघा आणि बुडबुडे दिसतात. आठ-दहा वेढ्यांत ते एकजीव करा आणि लगेच डब्यात ओता. डबा दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. उरलंच तर वाटीत वेगळं भाजा.

भांडं चाटायला मागतील. अंडं नसलं तरी कच्च्या मैद्यात जंतू असू शकतात, त्यामुळे नाही म्हणावं. त्याऐवजी चॉकलेटचा तुकडा आधीच काढून ठेवावा.

गरम भांड्यात डबा ठेवणं आणि काढणं हे फक्त मोठ्यांचं काम. ओटीजीची काचही भाजते, आणि केक फुगताना बघायला मुलं तिला नाक लावतात. दोन हात लांब खडूने रेघ मारून ठेवा.

किती वेळ

ओटीजीत ३५ ते ४० मिनिटं. लहान ओटीजीत वरची सळई जवळ असते. ३० मिनिटांनंतर वरून कोरडं पडायला लागलं तर फॉइल सैल झाका. पातेल्यात मंद ते मध्यम आचेवर ४० ते ५० मिनिटं. झाकणाची वाफ केकवर ठिबकू नये म्हणून झाकणाला सुती फडकं बांधा आणि त्याची टोकं वर गाठून ठेवा. लोंबलेलं टोक पेट घेईल. कपकेक केले तर १२ होतात आणि १८ ते २० मिनिटांत भाजतात. दोन भावंडं असतील तर भांडणं टाळायला हेच करावेत.

पहिली ३० मिनिटं (कपकेकना १५) झाकण किंवा दार उघडायचं नाही. मधला भाग तोवर पक्का झालेला नसतो, गार हवा लागली की खाली बसतो. गडद रंगामुळे केक झाला की नाही हे नजरेला कळत नाही, म्हणून मध्यभागी टूथपिक घाला. ओलं मिश्रण लागलं तर आणखी पाच मिनिटं. एखाद-दुसरा ओलसर कण लागला तर झाला.

काढल्यावर दहा मिनिटं डब्यातच ठेवा, मग कडेने सुरी फिरवून जाळीवर उलटा करा. लगेच उलटला तर तुटतो, तासभर डब्यात राहिला तर वाफेने कडा चिकट होतात.

बिघडला तर

मध्ये खोलगट झाला: लवकर उघडला, कच्चा काढला किंवा सोडा जास्त झाला. वर डोंगर होऊन तडकला: आच जास्त होती. फुगलाच नाही: मिश्रण थांबून राहिलं किंवा सोडा जुना. ताज्या सोड्यावर व्हिनेगरचा थेंब पडला की लगेच फेस येतो; वाटीतला प्रयोग इथेही कामाला येतो. बुडाशी चिकट थर बसला तर पाणी जास्त झालं किंवा साखर नीट विरघळली नव्हती. खोलगट केकचा खळगा चॉकलेटने भरला की कुणाला काही कळत नाही.

त्यासाठी १०० ग्रॅम डार्क चॉकलेट किसून घ्या. ६० मिली फ्रेश क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंतच तापवा. खळखळून उकळलं तर फाटू शकतं. ते चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं थांबा, मग मधून बाहेरच्या दिशेने हलकं ढवळा. केक पूर्ण गार असेल तरच ओता. त्याहून सोपं म्हणजे मुलाने कागदात चांदणी किंवा नावाचं अक्षर कापायचं, केकवर ठेवायचं आणि चाळणीतून पिठीसाखर भुरभुरायची. ही नक्षी खायच्या जरा आधीच करावी, कारण साखर ओल शोषते आणि नक्षी नाहीशी होते.

नुसता केक झाकून बाहेर दोन दिवस टिकतो, कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत एकच दिवस. क्रीम घातलेला फ्रीजमध्येच ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. बटरचा केक फ्रीजमध्ये घट्ट होतो, हा तेलाचा असल्यामुळे मऊच राहतो.